थंड पाण्याची धार जोरात, गरम पाण्याची करंगळीएवढी

पत्र: आमच्या स्वयंपाकघरातल्या सिंकवर एका दांडीचा मिक्सर नळ आहे. बसवून सहा वर्षं झाली. गेले तीन-चार महिने गरम पाणी फारच कमी येतंय, थंड मात्र पूर्वीसारखंच. एक लिटरचं भांडं थंड पाण्याने आठ सेकंदांत भरतं, गरम पाण्याने अर्धा मिनिट लागतो. गंमत अशी, की दांडी गरम बाजूला वळवली की पहिले काही क्षण धार चांगली असते. पाणी तापून यायला लागलं की ती बारीक होत जाते. त्याच गिझरवरून बाथरूमला पाणी जातं, तिथे काही तक्रार नाही. नळाच्या तोंडाची जाळी मी दोनदा काढून धुतली, त्यात काळे, मऊसर कण सापडले. प्लंबरने पाच मिनिटं बघून ‘मिक्सरच बदला’ असं सांगितलं. घरातले म्हणतात, गिझर जुना झालाय, तो बदलू, आणि तोवर त्याचं तापमान वाढवून ठेवू. आम्ही नेमकं काय बदलावं?

उत्तर: नमस्कार. ‘पाणी कमी येतंय, उपाय सांगा’ अशा एका ओळीच्या पत्रांना उत्तर देताना माझी फार ओढाताण होते. तुम्ही घड्याळ लावून भांडं भरलंत, जाळीतले कण बोटांनी दाबून बघितलेत, बाथरूमचा नळ तपासलात. निम्मं काम तुम्हीच करून ठेवलंय. माझा अंदाज आधीच सांगून टाकतो: मिक्सरही बदलू नका, गिझरही बदलू नका. सिंकखालच्या कपाटात डोकं घाला. तिथे भिंतीतल्या अँगल कॉकपासून (म्हणजे पाणी बंद-चालू करायच्या छोट्या तोटीपासून) नळापर्यंत स्टीलची जाळी गुंडाळलेले दोन लवचीक कनेक्शन पाइप गेलेले असतील. त्यातल्या गरम बाजूच्या पाइपावर माझा संशय आहे.

का, ते तुमच्याच पुराव्यांवरून सांगतो.

थंड पाणी जोरात येतंय. म्हणजे नळाचं तोंड, त्यातली जाळी, नळाची मान, हा सगळा रस्ता मोकळा आहे, कारण गरम आणि थंड पाणी मिक्सरच्या आत एकत्र झाल्यावर पुढे एकाच वाटेने बाहेर पडतं. त्यामुळे जाळी धुऊन फरक पडला नाही यात नवल नाही. धुतलीत ते चांगलंच केलंत, त्याशिवाय ते काळे कण दिसलेच नसते. दुसरं, बाथरूममध्ये गरम पाणी नीट आहे. म्हणजे गिझरमध्ये पाणी शिरतंय, तापतंय आणि पुरेशा दाबाने बाहेरही पडतंय. बिचाऱ्या गिझरला उगाच बोल लावू नका. आता उरतो तो बाथरूमकडे आणि स्वयंपाकघराकडे जाणारे फाटे जिथे फुटतात तिथपासून मिक्सरच्या पोटापर्यंतचा तुकडा. म्हणजे भिंतीतला पाइप, अँगल कॉक, कनेक्शन पाइप आणि मिक्सरमधलं कार्ट्रिज, म्हणजे दांडीखालचा गरम-थंड पाणी मिसळणारा सुटा भाग. चारच संशयित.

आता तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य: सुरुवातीला धार चांगली, पाणी तापलं की बारीक. क्षार साचले असते, गंज अडकला असता, दगडाचा कण बसला असता, तर धार पहिल्या क्षणापासूनच बारीक असती. दगडाला पाणी गार की गरम याचं सोयरसुतक नसतं. उष्णतेने ज्याचं रूप बदलतं अशी वस्तू वाटेत आहे आणि ती वस्तू म्हणजे रबर. स्टीलच्या वेणीआत पाणी वाहून नेणारी खरी नळी रबराची असते, वेणी नुसती तिला फुटण्यापासून सांभाळते. वर्षानुवर्षं गरम पाणी खेळून हलक्या प्रतीचं रबर मऊ पडतं, फुगतं, आतून सोलपटतं. गार असताना थोडं आवळलेलं असतं तेव्हा पाणी जातं. तापलं की फुगून वाट अडवतं. आणि जाळीत सापडलेले काळे मऊसर कण? ते त्याच रबराचे तुकडे. क्षारांचे कण पांढरट आणि कडक असतात, गंज तांबूस असतो. दाबल्यावर बोटाला काळं लागलं असेल तर माझ्या संशयाला बळकटी.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या घरी हेच झालं होतं आणि मी शहाण्यासारखा आख्खा मिक्सर बदलला. धार लगेच मोकळी झाली, मी खूश. जुना मिक्सर अडगळीत टाकला. पुढे कधीतरी त्याच्या खाली लटकणारा पाइप कशाला तरी लागेल म्हणून सुरीने कापला. आतली काळी नळी एका बाजूने सुटून जिभेसारखी लोंबत होती. पाणी तिच्या मागून आलं की ती पुढे जाऊन भोकावर बसायची. बोटाने उचलली तर वाट मोकळी, सोडली की बंद. मिक्सरमध्ये काडीचाही दोष नव्हता. पण नव्या मिक्सरच्या डब्यात नवे कनेक्शन पाइपही येतात ना! मिक्सर बदलला की पाइप आपोआप बदलले जातात, धार सुधारते आणि ‘बघा, मिक्सरच खराब होता’ हे सगळ्यांनाच पटतं. तुमचा प्लंबर खोटं बोलत नसणार. त्याने सांगितलेल्या उपायाने पाणी बहुतेक आलं असतं. पण एका पाइपासाठी अख्ख्या नळाचे पैसे गेले असते, आणि भिंतीतल्या अँगल कॉकचा दोष निघाला असता तर नवा नळ लावूनही धार तशीच राहिली असती.

तर आधी पाइप न काढता दोन गोष्टी बघा. टॉर्च घेऊन सिंकखाली वाकून पाइप कुठे मुडपलाय का ते पाहा. डबे, कचऱ्याची बादली किंवा खण ढकलताना पाइप भिंतीला दाबला जातो, आणि गरम झाल्यावर मऊ पडून तिथेच दुमडतो. दुसरं म्हणजे अँगल कॉक पूर्ण उघडा आहे ना? घरात कुणी कधी काम करताना बंद करून अर्धाच उघडलेला असतो. अनेक वेढे फिरणारा जुन्या धाटणीचा कॉक असेल तर त्याच्या आत रबरी वॉशर असतो. तो अर्धवट उघडा राहिला असेल आणि वॉशर गरम पाण्याने फुगला, तर तुमच्यासारखीच लक्षणं दिसतात. दोन मुठी फिरवून प्रश्न सुटला तर माझं पुढचं सगळं वाचू नका.

सुटला नाही तर आता अदलाबदलीची परीक्षा. मला ही सगळ्यात आवडते, कारण हिला नवीन काही विकत आणावं लागत नाही.

गिझर बंद करा आणि गरम नळ सोडून ठेवून पाणी कोमट होऊ द्या. ही पायरी कंटाळा करून गाळू नका. ६० अंश सेल्सिअसचं पाणी कातडीवर अवघी पाच-सहा सेकंदं राहिलं तरी चांगलंच भाजतं, आणि सिंकखाली वाकलेल्या माणसाला पटकन मागे सरकता येत नाही. मग दोन्ही अँगल कॉक बंद करा आणि नळाची दांडी उचलून गरम-थंड दोन्हीकडे फिरवा. पाणी थेंब थेंब होऊन थांबलं पाहिजे. थांबत नसेल तर कॉक नीट बंद होत नाही. मग घराचा मुख्य कॉक बंद केल्याशिवाय पुढे जाऊ नका. खाली बादली आणि फडकं ठेवा. आता दोन्ही पाइप अँगल कॉकच्या टोकाला सोडवा आणि उलटसुलट जोडा: गरम बाजूचा पाइप थंड कॉकला, थंड बाजूचा गरम कॉकला. लांबी पुरत असेल तरच, ओढून ताणून नाही. घरातल्या सगळ्यांना ओरडून सांगा, की नळाची गरम-थंड बाजू आता उलटी झालीय. विशेषतः लहान मुलांना. माझ्या घरी मी हे सांगायला विसरलो होतो, त्यावर जास्त लिहीत नाही.

गिझर सुरू करा, पाणी तापू द्या आणि तुमचं ते लिटरचं भांडं काढा. गरम पाणी आता थंडवाल्या पाइपातून येतंय. ते आठ-दहा सेकंदांत भांडं भरू लागलं, तर भिंतीतली लाइन आणि अँगल कॉक दोन्ही निर्दोष, दोष पाइपात नाहीतर मिक्सरच्या त्या बाजूच्या भोकात. गरम पाणी अजूनही रडतच येत असेल, तर पाइप आणि मिक्सर दोघांना सोडून द्या. दोष कॉकमध्ये किंवा त्याच्या मागे आहे. एक खबरदारी: जुन्या, सोलपटलेल्या पाइपातून या परीक्षेत थंड पाणी जाईल आणि ते बऱ्यापैकी येऊ शकेल, कारण रबर गार आहे. त्यावरून ‘पाइप चांगला आहे’ असा निष्कर्ष काढू नका. तुम्हाला फक्त गरम पाण्याचीच धार बघायची आहे.

पहिला निकाल लागला, आणि मला तसाच लागेल असं वाटतंय, तर सरळ दोन्ही पाइप बदला. एकच का नाही? दोघांचं वय सारखंच, रबर त्याच प्रतीचं, आणि सिंकखाली पुन्हा वाकायचा कंटाळा येतो म्हणून. नवे घेताना जुना सोबत न्या. मिक्सरकडचं बारीक आट्यांचं टोक आणि कॉककडची मोठी चाकी दोन्ही जुळायला हवीत. बहुतेक एका दांडीच्या मिक्सरना खालून १० मिलिमीटरच्या बारीक आट्या असतात आणि कॉककडे अर्धा इंच, पण सगळीकडे तसंच असेल असं नाही. पाइप गरम पाण्यासाठी चालतो असं त्यावर किंवा वेष्टनावर छापलेलं असलं पाहिजे. तापमानाचा आकडा नसलेला पाइप मी घेत नाही. लांबी अशी हवी, की पाइप हलक्या वळणाने जाईल. ताठ ओढलेलाही नको, वेटोळं घातलेलाही नको.

बसवताना एक चूक हमखास होते. चाकीच्या आत रबरी वॉशर असतो आणि गळती तोच थांबवतो, आट्या नाहीत. तरीही लोक सवयीने आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वेढे मारतात. त्याचा काही उपयोग नसतो, उलट टेपचे तुकडे सुटून पुढे मिक्सरमध्ये जाऊन अडकतात. वॉशर जागेवर आहे ना ते बघा, चाकी हाताने घट्ट होईतो फिरवा, मग पान्याने साधारण पाव वेढा. त्याहून जोर लावला तर वॉशर चिरडतो. मिक्सरकडचं टोक बहुधा रबरी रिंगवर बसतं, तिथे तर पानाही नको, हाताचीच ताकद पुरते. नवा पाइप जोडण्याआधी गरम कॉकच्या तोंडाखाली बादली धरून दहा-पंधरा सेकंद पाणी सोडा, मागे साचलेली घाण नव्या पाइपात जाणार नाही. जोडणी झाल्यावर नळाच्या तोंडाची जाळी काढून ठेवून थोडा वेळ पाणी वाहू द्या आणि मगच जाळी बसवा. रात्री झोपण्याआधी दोन्ही जोडांखाली कोरडा कागद ठेवा. सकाळी कागद ओला नसला की काम झालं.

पाइप बदलूनही गरम धार तशीच राहिली तर मग कार्ट्रिज. दांडीवरची लाल-निळी टिकली काढली की खाली छोटा स्क्रू दिसतो. तो ॲलन कीने (षटकोनी टोकाच्या छोट्या चावीने) सैल करून दांडी निघते, मग वरची टोपी, मग नट, आणि खाली प्लास्टिकचं कार्ट्रिज. त्याआधी सिंकच्या भोकावर फडकं ठेवा. तो स्क्रू इतका बारीक असतो, की एकदा गटारात गेला की गेलाच. कार्ट्रिजच्या तळाला तीन भोकं असतात: एक गरम, एक थंड, एक बाहेर जाणारं. गरम भोकात रबराचा तुकडा किंवा क्षाराची खपली अडकलेली दिसली तर चिमट्याने काढा. आत सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर फिरतात, त्यांना तार किंवा सुई लावू नका. ओरखडा पडला की नळ कायमचा ठिबकत राहील. कार्ट्रिज झिजलं असेल तर नवं मिळतं. व्यास बहुतेक ३५ किंवा ४० मिलिमीटर असतो, पण जुनं हातात घेऊनच जा. त्यासाठीही अख्खा मिक्सर बदलायची गरज नाही.

आता गिझरचं तापमान वाढवण्याबद्दल. तेवढं मात्र करू नका. थोडं पाणी जास्त गरम आलं की भागेल हा हिशेब वरवर बरोबर वाटतो. पण ज्या उष्णतेने तुमचं रबर फुगतंय तिच्यातच आणखी भर पडेल, म्हणजे धार अजून बारीक होईल. शिवाय पाण्यात विरघळलेले कॅल्शियमचे क्षार तापल्यावर खाली बसतात. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, हे क्षार उलटे वागतात. गरम केल्यावर कॅल्शियम बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं, आणि ते पांढऱ्या थराने गिझरच्या कॉइलला आणि पाइपाला चिकटतं. तापमान जितकं जास्त तितका थर वेगाने वाढतो. गरम पाण्याच्या लाइनी थंड लाइनींच्या आधी तुंबतात त्या याच कारणाने. साठवणीच्या गिझरमध्ये ६० अंशांच्या आसपास पुरेसं आहे.

हे वाचून आपापल्या नळाकडे बघणाऱ्या इतरांसाठी थोडंसं, कारण सगळ्यांची लक्षणं या बाईंसारखी नसतात.

घरातल्या सगळ्याच नळांना गरम पाणी कमी येत असेल तर कपाटाखाली वाकू नका, गिझरकडे जा. त्याच्यात पाणी जाण्याच्या वाटेवरचा कॉक पूर्ण उघडा आहे का ते आधी बघा. मग तिथला एकाच दिशेने पाणी सोडणारा व्हॉल्व्ह अडकलाय का, ते प्लंबरकडून तपासून घ्या. गिझरवरच्या सेफ्टी व्हॉल्व्हला मात्र स्वतः हात लावू नका. गळतोय म्हणून त्याला बूच मारणारी माणसं मी पाहिली आहेत. तो व्हॉल्व्ह गिझर फुटू नये म्हणून असतो. झटपट गरम करणाऱ्या गॅस गिझरमध्ये पाणी शिरतं तिथे एक छोटी गाळणी असते आणि ती तुंबली की धार कमी होते. धार एका मर्यादेखाली गेली की गॅस पेटतही नाही. तेव्हा ‘पाणी कमी आणि तेही गार’ अशी तक्रार असेल तर आधी ती गाळणी.

नवं घर, नवी लाइन आणि पहिल्या दिवसापासूनच गरम पाणी कमी, असं असेल तर प्रश्न वेगळा. प्लास्टिकचे पाइप तापवून जोडताना जास्त तापवले तर आतल्या बाजूला वितळलेल्या प्लास्टिकचं कडं तयार होतं. पाइपाचा आतला व्यास निम्मा झाला की पाणी जायची जागा चौथाईच उरते, त्यामुळे दिसायला लहान वाटणारं कडंही बरंच पाणी अडवतं. तिथे भिंत फोडण्याला पर्याय नाही, आणि ते ज्याने जोडलं त्याच्याकडूनच करून घ्यावं. गच्चीवरच्या टाकीतून पाणी येत असेल तर दाबाचा हिशेबही करा. १० मीटर उंचीला सुमारे १ बार दाब मिळतो. टाकी नळापेक्षा तीनच मीटर वर असेल तर ०.३ बार, आणि जास्त दाबासाठी बनवलेले मिक्सर एवढ्यावर धड चालत नाहीत. पाणी गडगडत, थांबत-थांबत येत असेल तर लाइनीत हवा अडकलेली असते. गरम पाण्यातून हवा सुटते आणि पाइप जिथे वर जाऊन पुन्हा खाली उतरतो त्या वळणात बसून राहते.

आता पुन्हा तुमच्याकडे. अदलाबदलीच्या परीक्षेचा निकाल दुसरा लागला, म्हणजे थंडवाल्या पाइपातूनही गरम पाणी बारीकच आलं, तर प्लंबरला पुन्हा बोलवा. पण या वेळी ‘गरम पाणी कमी येतंय’ म्हणून नाही. ‘गरम बाजूचा अँगल कॉक बदलायचा आहे, आणि तो काढल्यावर भिंतीतून येणारी धार मला बादलीत बघायची आहे’ असं सांगा. बादलीत धार जोरात पडली तर नवा कॉक लावला की काम संपलं. तिथेही बारीक असेल तर लाइन तुंबलीय, आणि ते काम मोठं.

पाइप बदललात तर जुना लगेच फेकू नका. मोठ्या कात्रीने स्टीलची वेणी कापा आणि आतली नळी सुरीने उभी चिरा. वेणीच्या तारा बोटात घुसतात, तेव्हा हातमोजे घाला. आत काय निघालं ते मला कळवा, आणि नव्या पाइपातून लिटरचं भांडं किती सेकंदांत भरलं तेही.